बेट अजून ठरलेलं नाही

सान आन्तोलिन, होंडुरास
४ नोव्हेंबर १९८०

प्रिय ताई,

बातमी तुझ्या कानावर आली असेलच, तरी माझ्या हाताने लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तह झाला! तिकडे लिमात दोन्हीकडच्या मंत्र्यांनी सह्या केल्या. रेडिओवर सांगितलं तेव्हा मी लष्करी छावणीतल्या कॅप्टनच्या विजारीला काज करत होतो. सुई बोटात शिरली तरी कळलं नाही. विजारीवर रक्ताचा डाग पडला, तो काढता काढता ओतिलियाने माझा उद्धार केला. तुझी भावजय आहे तशीच आहे.

हद्द ठरली, ताई. म्हणजे बरीचशी ठरली. काही डोंगराळ तुकड्यांचं भांडण मागे ठेवलंय, ते पुढे कोर्ट बघेल म्हणे. पण रस्ता उघडणार, पूल उघडणार. अकरा वर्षं झाली आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. लढाई पेटली त्या जुलैत लोक काठ्या आणि कोयते घेऊन 'साल्वाडोरवाले बाहेर निघा' म्हणत गल्लीत शिरले, तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. तू आणि फाबियान, तुझ्या कडेवर तुमची देल्मी, अंगावरच्या कपड्यांनिशी डोंगराकडे गेलात. आई हिवतापाने फणफणलेली, तिला उठवत नव्हतं. ओतिलिया दारात उभी राहून ओरडली, "ही माझी आई आहे, आम्ही होंडुरासचे आहोत, पुढे व्हा!" आणि मी, घरातला एकुलता एक पुरुष, पलंगाखाली होतो. तेव्हापासून इथे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. जुन्या शेजाऱ्यांनी तोंड उघडलं नाही, बाकी गावाला वाटतं मी बायकोच्याच मुलखातला.

आता ते सगळं संपलं. नगराध्यक्षांनी स्वतः दुकानात येऊन पुलावरच्या समारंभासाठी झेंडे शिवायला सांगितले, दोन्ही देशांचे. मजा अशी की दोघांचा झेंडा सारखाच, वर-खाली निळा आणि मधे पांढरा. फरक मधल्या चिन्हाचा. होंडुरासचे पाच तारे मी सहज भरतो, पण आपलं चिन्ह फार किचकट, त्रिकोण काय, डोंगर काय! शेवटी रंगाने काढायचं ठरवलंय.

आईला सांगितलं. तिला आता ऐकू कमी येतं, तीनदा सांगावं लागलं. मग म्हणाली, "हद्द राहू दे, एर्सिलिया कधी येणार ते सांग."

तर तू कधी येणार ते सांग. पत्र नेहमीसारखं लिनोकाकांकडेच दे. झोळणे आणि मडकी विकत दोन्ही मुलखांत हिंडणारा तेवढा एकच माणूस आपल्या भरवशाचा. पूल उघडला की त्यालाही चोरवाटा सोडून राजरस्त्याने चालता येईल, बिचारा!

तुझा
तिबुर्सिओ


लोस होकोतेस, एल साल्वाडोर
१९ नोव्हेंबर १९८०

तिबू,

पत्र मिळालं. आनंद झाला. आईला म्हणावं, मी रोज तिचं नाव घेते.

सध्या वाटेवर माल तपासतात. मडक्यातसुद्धा हात घालून बघतात, म्हणून लांबण लावत नाही. समजून घे.

फाबियान सप्टेंबरपासून घरी नाही. कामाला म्हणून बसने निघाला तो निघालाच. आता परत यायचा नाही. मी वाट बघणं सोडून दिलंय. देल्मीने मात्र त्याची टोपी दाराच्या खिळ्यावरून काढू दिलेली नाही. ती आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. शाळा बंद आहे, मास्तरीणबाई निघून गेल्या.

यंदा गारपीट फार. वरच्या दोन वाड्या पार झोपल्या, एक छप्पर उभं नाही. लोक म्हणतात ढग आमच्याच बाजूला सरकतायत. आम्ही बायका आणि पोरं मिळून बरेच जण आहोत. तिकडे आमची सोय होईल का? माझं घर होतं ना तिकडे, नदीच्या बाजूचं, त्याची मला फार आठवण येते. निदान देल्मीला तरी काही दिवस ठेवून घेता आलं तर बघ. पूल उघडायची वाट बघत बसणं जमेल असं दिसत नाही. आणि एक विचारते. नदीपलीकडे हल्ली सैनिक असतात का? पूर्वी त्या पट्ट्यात कोणालाच बंदूक घेऊन यायची परवानगी नव्हती. ते तसंच आहे, की तहामुळे बदललं?

लवकर उत्तर पाठव.

एर्सिलिया


सान आन्तोलिन
१ डिसेंबर १९८०

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं आणि रागाने हातातलं शिवण बाजूला फेकलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या फाबियानचा भरवसा नको! गिटार वाजवणारा नवरा आणि पावसाळ्यातली आगकाडी दोन्ही सारखेच. कोण आहे ती? कॉफीच्या मळ्यावरची का? जाऊ दे. अशा माणसासाठी डोळ्यांतून पाणी काढू नकोस. देल्मीलाही सांग, ती टोपी चुलीत घाल म्हणावं.

आता घराचं. ताई, मी तुझ्याशी कधी खोटं बोललो नाही. तुमच्या त्या घरात मेलेसिओ राहतो, ओतिलियाचा भाऊ. तू गेल्यावर ते ओस पडलं होतं, गावातल्या कोणीतरी बळकावलंच असतं. त्याला तिथे चार मुलं झाली. तू घराचा विषय काढल्याबरोबर ओतिलियाने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिचंही चुकलं असं मी म्हणत नाही. तुझा हक्क आहे, मला मान्य आहे, पण तह होऊन महिना झाला नाही तोच घर मागायचं हे बरं दिसतं का? आधी भेटू, बसू, आईच्या हातची मक्याची पेज पिऊ. मग बोलू.

छपरांचं नुकसान झालं ते वाईट झालं. इथे गारा पडल्याचं ऐकलं नाही. आपल्या डोंगराचं काही सांगता येत नाही.

सैनिकांचं विचारलंस ते बरं केलंस, कारण बातमी चांगली आहे. तो रिकामा पट्टा आता राहिला नाही. तहानंतर आमचे सैनिक थेट नदीपर्यंत जातात आणि तुमचेही. परवा दोन्हीकडचे अधिकारी इथे छावणीत एकत्र जेवले. डुक्कर भाजलं होतं. मी कॅप्टनचा नवा अंगरखा घेऊन गेलो होतो, डोळ्यांनी पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी एकमेकांवर तोफा डागणारी माणसं एका टेबलाशी बसून एकमेकांच्या पेल्यात ओतत होती. "आता आपले शत्रू सारखेच," असं काहीतरी तुमचा मेजर म्हणाला आणि सगळ्यांनी पेले उचलले. मला तर भरून आलं.

म्हणून सांगतो, घाई करू नकोस. उताराने पाण्यातून यायचं म्हणजे चोरासारखं. पूल चौदा तारखेला उघडतोय. चांगले कपडे घालून, देल्मीचा हात धरून, पुलावरून ताठ मानेने ये. मी झेंड्याच्या काठीपाशीच उभा असेन. आईलाही आणतो.

तुझा
तिबुर्सिओ


लोस होकोतेस
९ डिसेंबर १९८०

तिबू,

तुला काही म्हणजे काही कळलेलं नाही. आता कोणी वाचलं तर वाचू दे, सरळ लिहिते.

फाबियान कोणाबरोबर पळाला नाही. त्याला बसमधून उतरवलं. तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला मिळाला. हात मागे बांधलेले होते. मी आणि देल्मीने त्याला झोळीत घालून आणला. तो फक्त चर्चमध्ये गिटार वाजवायचा आणि पाद्र्याच्या बैठकांना जायचा. तेवढं पुरलं.

गारपीट म्हणजे गणवेशातली माणसं. वरच्या दोन वाड्या त्यांनी जाळल्या. माणसांसकट. मला घर नको रे, मेलेसिओला तिथे सुखाने राहू दे. मला फक्त छप्पर हवं होतं, तुझ्या शिवणयंत्राखाली झोपायला जागा दिली असतीस तरी चाललं असतं.

आणि ते दोघे एका टेबलाशी जेवले, हे वाचून तुला भरून आलं. मी हे पत्र शेजारणींना वाचून दाखवलं तर त्यातली एक उठून पोरांचं गाठोडं बांधायला लागली.

पुलावर आमचं काय होईल ते तुला कळत नसेल तर आता समजावून सांगायला वेळ नाही. चौदा तारखेला सगळे मोठे लोक पुलावर असतील, म्हणून आम्ही त्याच सकाळी उताराने येतोय, जिथे लहानपणी आपण खेकडे पकडायचो तिथे. तू तिथे ये. एकटा येऊ नकोस, तिकडचा पाद्री आण, चार माणसं आण. कोणी बघणारं असलं की हात आखडतात.

पत्र लिनोकाकांच्या हातात देतेय. लवकर पोचवा म्हणून त्यांचे पाय धरले.

एर्सिलिया


सान आन्तोलिन
२० डिसेंबर १९८०

ताई,

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही. दोन कागद करतोय, एक लिनोकाकांकडे आणि एक इथल्या पाद्र्याकडे. नदीवरून आलेल्या लोकांना कुठेतरी तंबूत ठेवलंय असं ते म्हणतात.

तुझं पत्र मला काल मिळालं. लिनोकाकांना वाटेत धरून ठेवलं होतं. सगळी मडकी त्यांच्यासमोर फोडली. पत्र त्यांच्या चपलेच्या तळव्यात होतं म्हणून वाचलं. ते माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांना धड चालता येत नव्हतं, तरी पहिलं हेच म्हणाले, "उशीर झाला का रे?"

चौदा तारखेला मी पुलावर होतो. आई खुर्चीवर, डोक्याला नवा रुमाल. बँड वाजला, भाषणं झाली, फटाके उडवले. तुमच्या बाजूने येणाऱ्या प्रत्येक बाईकडे आई बोट करायची आणि विचारायची, "ही का?" संध्याकाळपर्यंत आम्ही थांबलो. शेवटी आई म्हणाली, "तिला कोणी तारीख चुकीची सांगितली असेल."

काल पत्र वाचल्याबरोबर मी उतारावर धावलो. तिथे काठावर कपडे होते, एक भांडं होतं, लहान मुलांच्या चपला होत्या. मी तुझं नाव घेऊन ओरडलो. पलीकडून कोणी ओ दिली नाही.

मी काय केलं ते मला कळतंय. पण आधी तू आहेस एवढं कळव. देल्मी आहे एवढं कळव.

तिबू


निर्वासित छावणी, होंडुरास
११ फेब्रुवारी १९८१

तिबू,

पाद्र्याने तुझा कागद मला दिला तेव्हा मी तापात होते, म्हणून उशीर झाला. मी आहे. देल्मी नाही.

एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

आम्ही उजाडता उजाडता नदीवर पोचलो. म्हातारे, बायका, पोरं. पाणी कमरेच्या वर होतं. दोघा पुरुषांनी दोर पलीकडे नेऊन बांधला आणि आम्ही एकेक करून धरून निघालो. तेवढ्यात पलीकडच्या काठावर झाडीतून तुमचे सैनिक बाहेर आले. तुला खरं वाटणार नाही, बायकांनी टाळ्या वाजवल्या. तोमासा नावाची म्हातारी ओरडली, "तह झालाय! ते आपल्याला घ्यायला आलेत!" देल्मी माझ्याकडे बघून हसली. तिच्या पाठीवर तोमासाचा नातू बांधलेला होता.

त्यांनी बंदुकीच्या नळीने खुणा केल्या, मागे फिरा. तोमासा म्हणाली, "मागे कुठे फिरू बाबा? मागे तेच आहेत." तोवर मागचेही टेकाडावर आले होते. दोन्ही काठांवर माणसं आणि आम्ही मधे. कोणी कोणावर ओरडलं नाही, तिबू, हे मला अजून खुपतं. त्यांचं आधीच बोलणं झालेलं असल्यासारखे ते आपापल्या जागी उभे होते. मग मागून सुरू झालं.

देल्मी दोर सोडून मधल्या वाळूच्या बेटाकडे वळली. मी तिच्या मागेच होते. बेटावर चढल्यावर तिने पोराला सोडवून माझ्याकडे दिलं, "आई, हा ओला झालाय बघ," असं म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली. मला वाटलं दमली.

पोरगा जगला. माझ्याकडेच असतो.

दुपारनंतर दोन्हीकडचे निघून गेले. मी जेवणाच्या पत्र्याच्या ताटलीने वाळू उकरली. फार खोल गेलं नाही, खालून पाणी यायला लागलं. वर दगड रचले. मग तुमच्या बाजूच्या एका वाडीतली माणसं आली, अनोळखी, गरीब माणसं, त्यांनी आम्हाला ओढून काढलं आणि आपल्या घरातल्या भाकऱ्या दिल्या. त्यांची नावंसुद्धा मी विचारली नाहीत.

पुलावरचा बँड आम्हाला ऐकू आला नाही. ते बरंच झालं.

छावणीला कुंपण आहे, बाहेर जाऊ देत नाहीत. तू येऊ नकोस. फाटकावर नातं विचारतात, आणि ते सांगितलंस की तू कुठला ते आपोआप कळेल. आई तुझ्याकडे आहे, हे विसरू नकोस. तिला देल्मीचं सांगू नकोस.

मला एकाच गोष्टीची काळजी आहे. मे महिन्यात नदी फुगते आणि ते बेट पाण्याखाली जातं.

एर्सिलिया


सान आन्तोलिन
२८ एप्रिल १९८१

ताई,

तू नको म्हणालीस तरी मार्चमध्ये मी फाटकापर्यंत आलो होतो. शिपायाने विचारलं, "आत कोण आहे तुझं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "कोणी नाही, कपडे द्यायला आलोय." गाठोडं ठेवून परत फिरलो. त्यातला करडा स्वेटर तुझ्या मापाचा होता. मिळाला का?

आता दुसरं सांगतो. देल्मीला मी आणलं.

तू बेटाचं लिहिलंस तेव्हापासून रोज आभाळाकडे बघत होतो. मागच्या आठवड्यात ओतिलियाच म्हणाली, "शिवण ठेव बाजूला. पाऊस आला तर जन्मभर तोंड दाखवता येणार नाही." मी खोरं आणि पांढरं कापड घेतलं आणि निघालो. ओतिलियाही आली.

उतारावर बघतो तर माणसंच माणसं. तहाप्रमाणे हद्द आखणारी मंडळी, दोन्ही देशांचे इंजिनियर, तिपाईवर दुर्बीण, रंगवलेले बांबू, आणि राखणीला आपल्या गावच्या छावणीतले सैनिक. रेषा नदीच्या मधून जाते म्हणे, पण बेटाच्या दोन्ही अंगांना पाणी आहे, मग खरी नदी कुठली, यावर त्यांचा वाद चालला होता. मी पाण्यातून बेटावर गेलो. दगडांच्या रांगेपाशी एक पोक्त इंजिनियर टोपी काढून उभा होता.

"हे थडगं कोणाचं, माहीत आहे?" त्याने विचारलं.

"माझ्या भाचीचं."

"म्हणजे होंडुरासची?"

सार्जंट शेजारीच होता. त्याची विजार मीच आखूड करून दिलेली. ताई, मी ओतिलियाकडे बघितलं. ती काठावर घागरा खोचून उभी होती, तिने नजर वळवली नाही. मी म्हणालो, "नाही साहेब. साल्वाडोरची. लोस होकोतेसची. मीही तिथलाच."

सार्जंट हसला. "अरे शिंप्या, तू ग्वानाको, साल्वाडोरवाला? आणि आमचे झेंडे शिवतोस?"

"झेंडा शिवताना कोणी विचारलं नाही," मी म्हणालो. माझा आवाज बारीकच होता, पण निघाला.

इंजिनियरला मी सांगितलं की तिला न्यायचं आहे. तो म्हणाला, "परवानगी कोण देणार? बेट अजून ठरलेलं नाही. ते तुमचं की त्यांचं, ते वर कळवावं लागेल, उत्तर यायला वर्ष जाईल."

"साहेब, नदी वर्षभर थांबत नाही."

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग दोन्हीकडच्या माणसांना म्हणाला, "चला, जेवून घेऊ. ऊन फार आहे, त्या झाडाखाली बसू. बेटाकडे पाठ करा, वाऱ्याने वाळू उडते." वारा अजिबात नव्हता.

आम्ही दोघांनी तिला काढलं. जास्त लिहीत नाही. तिच्या केसांत निळी फीत होती, ती तशीच ठेवली. इथल्या दफनभूमीत ओतिलियाच्या वडिलांच्या शेजारी जागा होती, तिथे ठेवलं. पाद्र्याने प्रार्थना म्हटली. आईला सांगितलं की ओतिलियाच्या नात्यातली एक मुलगी गेली. आईने विचारलं, "वय काय होतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या देल्मीएवढी," आणि मग तिनेही मूठभर माती टाकली.

कॅप्टनच्या छावणीने शिलाईचं काम काढून घेतलं. शेजारचे दुकानापुढून जाताना रस्ता ओलांडतात. पण ताई, खरं सांगतो, मला हलकं वाटतंय. कॅप्टनने गुरुवारी बोलावलंय, काही विचारायचं आहे म्हणे. विचारू दे. पुढच्या वेळी फाटकावर आलो की तुझं नाव सांगेन, तुझा भाऊ म्हणून.

तुझा
तिबू


सान आन्तोलिन
१७ मे १९८१

वन्सं,

मी ओतिलिया. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आता कोणत्या तोंडाने लिहू? पण लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

हे त्या गुरुवारी कॅप्टनच्या छावणीत गेले, आज सतरा दिवस झाले. धुतलेला सदरा घालून गेले. दुपारी मी जेवण घेऊन गेले तर फाटकावर सांगितलं, "त्याला त्याच्या माणसांत पाठवलंय, निर्वासितांच्या छावणीत. ट्रकने गेला." मी म्हटलं, "अहो, अंगावर गरम कपडा नाही, तिकडे थंडी असते." तर तो सार्जंट म्हणाला, "आता त्याला थंडी लागणार नाही, जा." म्हणजे तिकडे पांघरुणं देतात असं मी समजले. देतात ना?

ते पोचले का तेवढं कळवा. पोचले असतील तर त्यांना म्हणावं, दुकानाची काळजी करू नका, मशीनला तेल घालून झाकून ठेवलंय. मेलेसिओला मी तुमचं घर रिकामं करायला सांगितलंय. तो चिडलाय, पण करेल. तुम्ही सुटलात की दोघंही तिथेच या.

आई काही खात नाहीत. दाराकडे तोंड करून बसतात आणि दर थोड्या वेळाने विचारतात, "तिबू कुठे गेला?" मी सांगते, एर्सिलियाकडे. तर म्हणतात, "मग तिच्या हातचं लिहिलेलं दाखव." त्यांच्यासाठी दोन ओळी पाठवा, वाचून दाखवेन. माझं आता ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.

पाद्र्याजवळच उत्तर द्या.

तुमची
ओतिलिया


निर्वासित छावणी
२३ मे १९८१

ओतिलिया,

हा कागद तू एकटी असताना वाच.

तिबू इथे आलेला नाही. मी प्रत्येक तंबूत विचारलं. पाद्र्याने बाहेर चौकशी केली. त्या गुरुवारी इथे एकही ट्रक आला नाही, नंतरही नाही. सार्जंट जे बोलला त्याचा अर्थ मला कळतो. तुलाही कळलाय. पण मला विचारल्याशिवाय तुला तो मानायचा नव्हता, मीही तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं.

तू त्याला शोधायला कुठे जाऊ नकोस. निदान आई आहे तोवर नको. मेलेसिओला घरातून काढू नकोस, पोरांना कुठे नेईल तो? माझ्या मुलीला तू तुझ्या हातांनी मातीतून उचललंस. आपल्या दोघींमधलं सगळं तिथेच फिटलं. या तंबूत माझी शेजारीण विचारते, बाहेर तुझं कोण आहे? मी सांगते, माझी बहीण आहे.

सोबत दुसरा कागद आहे तो आईला वाचून दाखव. मोठ्याने वाच, आणि वाचताना रडू नकोस, तिला ऐकू येत नसलं तरी दिसतं.

एर्सिलिया


निर्वासित छावणी
२३ मे १९८१

आई,

तिबू माझ्याकडे सुखरूप पोचला. वाळलाय थोडा, पण तब्येत बरी आहे. आल्या आल्या तुझंच बोलणं काढलं. तू जेवत नाहीस हे कळल्यावर आम्ही दोघंही तुझ्यावर रागावलोय. ओतिलिया जे देईल ते खायचं, नाहीतर मी पुढचं पत्र पाठवणार नाही.

इथे आम्हाला घेवडा आणि मक्याचं पीठ मिळतं. देल्मीने त्याला भाकरी करून वाढली, त्याने तीन खाल्ल्या आणि म्हणाला, आईच्या हातची चव आहे. पांघरुणंही पुरेशी आहेत. हे कुंपण काढलं की आम्ही सगळे मिळून तुझ्याकडे येणार आहोत. आता पूल उघडा आहे, काही अडचण नाही.

तो स्वतःच तुला लिहिणार होता. पण फार लांबून आलाय, दमलाय. आत्ताच डोळा लागलाय त्याचा. मी उठवत नाही.

तुझी
एर्सिलिया